डोंगराच्या ओळखीचं इंजिन

वडवणीच्या उत्तम मिस्तरीने मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लिहिता लिहिता माझं डोकं फिरतं आणि कुणी कुणाला फसवलं ते माझ्याच हातातून निसटतं. वर्षभर असंच चाललंय. सुरुवात मिस्तरीपासून करतो, शिव्या लिंबागणेशच्या भास्करला घालतो आणि शेवटी रागाने बघत बसतो ते डोंगराकडे. डोंगराने बिचाऱ्याने काय केलं?

आज पाटोद्याच्या स्टँडबाहेर सीताफळाची पहिली पाटी दिसली. पोत्यावर एक म्हातारा बसला होता आणि त्याच्यापुढे पाल्यावर मांडलेली दहा-बारा फळं. मी सवयीने वाकलो, एक उचललं, अंगठा न लावता नुसतं बघितलं. सीताफळ दाबून बघणारा माणूस अडाणी. खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या, त्यांच्यात पिवळसर पांढरी रेघ दिसली, की फळाने डोळे उघडले असं आम्ही म्हणतो. डोळे उघडलेलं फळ तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं. मिटल्या डोळ्यांचं तोडलं तर काळं पडतं, दगड राहतं. म्हाताऱ्याची निम्मी फळं मिटल्या डोळ्यांची होती. मी त्याला तसं म्हणालो.

"घ्यायचं तर घ्या, न्हाईतर सावली सोडा," तो म्हणाला.

एरवी मी त्याला तिथेच झाडला असता. पण नाकात तो वास गेला होता, सीताफळीच्या पाल्याचा, कडवट, हिरवा, थोडासा औषधी. त्या वासाला धरून गेल्या वर्षीचा अख्खा हंगाम आत शिरला.

हंगाम तो केवढा! नवरात्रात सुरू होतो, दिवाळी ओलांडून चार पावलं चालतो की संपला. बाकीच्या वर्षात मी चिंच करतो, आवळा करतो, बोरंही करतो, पण लोक मला ओळखतात ते सीताफळावर. हा धंदा मला कुणी शिकवला नाही आणि कुणी उभा करून दिला नाही. पहिली दोन वर्षं एसटीच्या टपावर पाट्या टाकून बीडला नेल्या. कंडक्टरशी भांडलो, हमालाशी भांडलो, अडत्याशी तर रोजच. भांडूनच जीप घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती, एका ठेकेदाराच्या शेडमध्ये कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालत होत्या. मी त्या अंड्यांसकट सौदा केला.

पाटोदा आणि लिंबागणेशच्या मधल्या डोंगरात एक वाडी आहे. पंधरा-वीस घरं, सगळी शेळ्या-मेंढरं राखणारी. तिथल्या उतारांवर सीताफळी आपोआप माजल्या आहेत, कारण शेळी सगळ्या पाल्याला तोंड लावते, सीताफळीला लावत नाही. बाभळ खाईल, बोर ओरबाडेल, सीताफळीजवळून नाक वाकडं करून पुढे जाईल. शेळ्यांनी सोडलं ते बायांनी धरलं. बारा वर्षं त्या वाडीचं फळ माझ्याकडे आलं, दुसऱ्या कुणाकडे गेलं नाही. यंदा ते माझ्याकडे येणार की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. एवढासा प्रश्न, पण वर्षभर सुटत नाही.

वाडीत फोनला रेंज नाही. गरजही पडली नव्हती, जीप होती ना. तिचं जुनं इंजिन खाली ओढ्यापाशी चढाला लागलं की आधी दोनदा खोकायचं, मग घसा साफ झाल्यासारखं धडधडायला लागायचं. तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून वाडीवर जायचा, मी पोचायच्या चांगला अर्धा तास आधी. बाया त्या आवाजावर तोडणी करायच्या. आधी तोडून ठेवावं तर फळ उन्हात तापतं, त्याचं देठ सुकतं. म्हणून आवाज आला की आकड्या लावलेल्या काठ्या उचलायच्या, भराभर तोडायचं, आणि मी मारुतीच्या कट्ट्यापाशी वळेपर्यंत पाट्या ओळीने लावून मोकळं व्हायचं. बीडच्या मार्केटात माझ्या फळाचं देठ ओलं असायचं. बाकीचे व्यापारी माझ्या ड्रायव्हरला दारू पाजून विचारायचे, तुमचा माल इतका ताजा कसा? ड्रायव्हरला तरी काय माहीत? तो बीडहून पुढे गाडी न्यायचा. डोंगरात मी एकटाच जायचो.

कट्ट्यावर मी इंजिन बंद करत नसे. ही माझी युक्ती. चालू इंजिन म्हणजे निघालेला माणूस. बाई भावावरून अडली की मी नुसतं पायाने इंजिन गुरगुरवायचो. बायांची म्होरकी सोजरबाई. साठी उलटलेली, कपाळावर गोंदण, आवाज असा की मेंढरू तीन टेकड्यांपलीकडून वळावं. त्या धडधडीतही ती मला पुरून उरायची. मला सगळे बप्पा म्हणतात, तीही.

"बप्पा, औंदा फळ वजनाला हाय!"

"काय? ऐकू येत नाही!"

"वजनाला हाय म्हन्ते, वजनाला!"

"मग वजनावर घेतो. काढू काटा?"

"नगं बाबा! पाटीवरच घ्या. तुमच्या काट्यापरीस आमची पाटी शानी!"

सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायचो, पण तोंड फिरवून. हसलेल्या व्यापाऱ्याला भाव वाढवून मागतात.

मग इंजिन थकलं. काळा धूर टाकायला लागलं, भरल्या गाडीने चढ घेईना. पाटोद्यातले मिस्तरी मला ओळखतात, म्हणून माझ्याशी सौदाच करत नाहीत. एक भाव सांगतात आणि पान्हा आपटत बसतात. म्हणून बीड ओलांडून वडवणीला गेलो. उत्तम मिस्तरीकडे मागून चेपलेली एक पिकअप होती. मागचं सगळं गेलेलं, पुढचं इंजिन नवंकोरं, आजच्या जमान्याचं. मिस्तरी सडसडीत माणूस, कानावर पेन्सिल, बोलताना माणसाकडे न बघता नटाकडे बघणारा. अशा माणसाशी सौदा करणं अवघड असतं, कारण त्याचे डोळे सापडत नाहीत. तीन खेपा मारल्या. दोनदा रागाने उठून गाडीपर्यंत गेलो. शेवटी ते इंजिन माझ्या जीपमध्ये बसवून द्यायचा सौदा मी सांगितलेल्या किमतीवर ठरला, पण एका अटीवर मीच अडून बसलो, की जुनं इंजिन त्याने ठेवून घ्यावं आणि त्याची जी किंमत होईल ती माझ्या पैशांतून वजा करावी.

"बप्पा, घरी न्या की ते. पडू द्या कोपऱ्यात, कदी लागंल."

"मला भंगार नको."

हे शब्द माझे आहेत. नाकारत नाही. येताना मांजरसुंब्याला भजी खाल्ली, जिंकलेल्या माणसाने खावीत तशी, दोन प्लेट.

पोळा झाला आणि जीप वडवणीला लावली. पुढचे पंधरा दिवस मी त्या शेडमध्ये ठाण मांडून होतो. नव्या इंजिनाला त्या जुन्या सांगाड्यात जागाच नव्हती. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तोंड जुळेना, म्हणून मध्ये बसवायला लेथवर एक जाड लोखंडी प्लेट कातून आणली. खालचं ऑइलचं चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकायला लागलं, तर ते कापून उथळ केलं आणि पुन्हा वेल्ड केलं. मग वायरींचा एक गुंता, सुगरणीचं घरटं उसवल्यासारखा, आणि त्याच्या टोकाला हाताच्या पंजाएवढी एक डबी.

"ही काय करते?"

"इच्चार करती."

"इंजिन विचार करतं?"

"नवं करतं. जुनं तुमच्यावानी व्हतं. आदी भडकायचं, मग चालायचं."

शेडमधले सगळे हसले. जुनं इंजिन तेव्हा साखळीला टांगलेलं होतं. त्याच्यातून तेल ठिबकत होतं, खालच्या भुशावर एक एक काळा थेंब. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला काहीच वाटलं नाही. आता तो थेंब मला आठवतो. का आठवतो ते कळत नाही. माणूस गेला तरी मी इतका हळवा होत नाही.

पहिल्यांदा चावी फिरवली, काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा फिरवली. कर्रर्र करून दातावर दात घासल्यासारखा आवाज आला आणि मिस्तरी ओरडला, "बप्पा! चालू हाय ते, चालू हाय!" बोनेटवर हात ठेवला तेव्हा पटलं. मांजर पोटाशी गुरगुरावं, तेवढंच.

नवरात्रातली पहिली खेप. ओढा ओलांडला, चढाला लागलो आणि गाडी अशी निघाली की जणू डोंगरच खाली सरकतोय. बारा वर्षं त्या वाटेवर मी ये-जा केली, पण त्या वाटेला स्वतःचे आवाज आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तित्तिर बोलत होता. टायरखाली मुरूम चुरचुरत होता. कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा, मध्येच पाण्याची बारीक धार. कुसळी गवत वाऱ्यावर एका अंगाला लवलं की त्याचाही सळसळाट येतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर ऐकलं. फार बरं वाटलं. मी चक्क गुणगुणलो. मला गाता येत नाही.

कट्ट्यावर कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही भुंकलं. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी भुंकलं नव्हतं.

वाडीत चालत गेलो. सोजरबाई दारात मेंढराच्या खुरातला काटा काढत बसली होती.

"आगं बया, बप्पा! आमाला वाटलं कुन्या सायबाची गाडी हाय. मोजनीवाल्याची."

"माल कुठाय?"

"झाडाला."

"झाडाला? तोडला का नाही?"

"तुमी आलाच न्हाई तर तोडायचा कावून?"

"हा काय आलोय की समोर!"

"आता आलाव. आदी कुठं आल्ता?"

मी ओरडलो. माझं ते नेहमीचंच. बायांनी घाईघाईने थोडं तोडून दिलं, निम्मी गाडी रिकामी खाली नेली. पुढच्या खेपेला ओढ्यापासून हॉर्न वाजवत गेलो. हॉर्न कड्यावर चढत नाही, ओढ्यातच घुमतो. निम्म्या बाया आल्या. बाकीच्यांना वाटलं, खालच्या रस्त्याने वरात चाललीय.

त्या खेपेला आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. कट्ट्यावर मी सवयीने इंजिन चालू ठेवलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सोजरबाईशी घासाघीस चालली होती आणि पाट्यांमागे दोन बाया हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "आता मान हालवंल." मी मान हलवली होती. दुसरी म्हणाली, "आता म्हनंल, निगालो मी." माझ्या जिभेवर तेच शब्द आले होते. मी ते गिळले. बाया वाट बघत होत्या. त्या खेपेचा भाव त्यांच्या मनासारखा झाला.

खाली उतरताना एकच गोष्ट डोक्यात. हे त्या आजच बोलल्या, की बारा वर्षं दर खेपेला बोलत होत्या आणि इंजिनाच्या धडधडीत मला ऐकू आलं नाही?

तिसऱ्या खेपेला तर कट्ट्यावर नुसता पाला पडलेला. ताजा, हिरवा, देठांचा चीक अजून ओला. पाट्या रिकाम्या, एकात एक घालून ठेवलेल्या. सोजरबाई पदराने मान पुसत होती.

"आत्ताच तर न्हेलं की."

"कुणी?"

"गाडी आली न्हाई का? तुमचाच आवाज. खोकली दोनदा, मग चढली. आमी तोडलं, लावलं. बघतो तर पोरगा येगळाच. लिंबागनेशचा भास्कर म्हनं."

माझं इंजिन. माझ्या टाकून दिलेल्या इंजिनाने माझ्या वाटेने जाऊन माझं फळ उचललं होतं.

तिथूनच गाडी वळवली ती सरळ वडवणीला. उत्तम मिस्तरी एका ट्रॅक्टरखाली झोपला होता, बाहेर फक्त पाय. मी त्या पायांशी भांडलो.

"माझं इंजिन तू भास्करला विकलंस?"

"इकलं. जीप व्हती त्याच्याकडं, इंजिन नव्हतं. दुरुस्त केलं आन् बशिवलं."

"मला न विचारता?"

"तुमीच म्हन्लाव भंगार हाय."

"इंजिन दिलं होतं मी तुला. आवाज दिला नव्हता!"

मग मिस्तरी सरपटत बाहेर आला आणि पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. "बप्पा," तो म्हणाला, "आवाज येगळा काडून डब्यात भरून ठिवत्यात व्हय? आन् खरं सांगू? मी धुराचं काम केलं त्याचं. खोकला पन काडनार व्हतो. त्यो पोरगा म्हन्ला, ऱ्हाऊ द्या, पैशे न्हाईत."

म्हणजे पैसे असते तर खोकला गेला असता आणि माझी वाडी राहिली असती. ह्याला काय म्हणावं? मिस्तरीने मला फसवलं, हे मी तेव्हाच ठरवलं, कारण काहीतरी ठरवणं भाग होतं. गाडीत बसलो, दार आपटलं. इंजिन चालू आहे की बंद, ते पुन्हा कळेना.

भास्करला गणपतीच्या देवळापाशी गाठला. विशी-पंचविशीचा, बारीक, दुधाच्या कॅना धूत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काका, बसा. च्या सांगू?" असल्या माणसावर ओरडणं म्हणजे कापसाच्या गाठोड्यावर काठी मारणं.

"मी शेळीच्या दुधाचं इचारायला गेलतो काका. देवाशपथ. वर पोचलो तर पाट्या लावलेल्या. म्हन्लं, आजी हे काय? त्या म्हन्ल्या, घे."

"घे? नुसतं घे? आणि भाव?"

"भाव न्हाई इचारला कुनी. मीच म्हन्लं, काय देऊ? म्हन्ल्या, इकून ये, मग बगू."

मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. मग तो म्हणाला, "काका, तुमचं इंजिन न्यायचं आसंल तर न्या वापस. मला काय, गाडी चढल्याशी मतलब." मी हो म्हणायला तोंड उघडलं. नवं इंजिन दुप्पट माल ओढतं, डिझेल निम्मं पितं, चढाला दमत नाही. मी तोंड मिटलं. नाही म्हणायला पुन्हा उघडलं, तेही जमलं नाही. चहा पिऊन आलो. त्याचे पैसे भास्करनेच दिले.

तेव्हापासून मी हा गुंता सोडवतोय. बायांना वाटलं मी आलोय, म्हणून त्यांनी भाव विचारला नाही, असं म्हणावं तर माझ्याशी त्या कधीच भाव विचारल्यावाचून राहिल्या नाहीत. मी नाही हे दिसलं, म्हणून विचारला नाही, असं म्हणावं तर परक्या माणसाशी तर आधी भाव करावा. कसंही धरलं तरी एक टोक लोंबतंच. सौद्यात असं होत नाही. सौद्यात कुणीतरी वर असतो, कुणीतरी खाली. इथे मी वर आहे की खाली, तेच दिसत नाही.

दिवाळीनंतर, हंगाम सरता सरता, मी शेवटचा वर गेलो होतो. झाडांवर उरलीसुरली फळं, त्यांना पाखरांनी चोची मारलेल्या. सोजरबाई कट्ट्यावर एकटीच होती.

"सोजरबाई, कान फसला, मान्य. पण डोळे?"

"डोळे हायत की."

"मग भास्कर दिसल्यावर पाट्या परत का नाही नेल्या?"

"तोडल्यालं फळ परत झाडाला लागतं व्हय, बप्पा?"

खरं होतं. ह्या धंद्यात मुरलेल्या माणसाने हे विचारायलाच नको होतं. मी म्हणालो, "बरं. पण भाव? भाव का नाही विचारला?"

ती काहीतरी बोलणार होती, ओठ हललेसुद्धा. आणि तेवढ्यात मलाच दम निघाला नाही. मी बोललो, "बारा वर्षं मी तुमचं फळ उचललं. मी नसतो तर मुंग्यांनी खाल्लं असतं!" तिने पदर सारखा केला, रिकामी पाटी काखेत मारली आणि पायवाटेने वर निघून गेली. तिचं उत्तर तिच्या तोंडात होतं आणि माझ्या जिभेने ते परत आत ढकललं. बायको म्हणते, "तुमाला तोंड हाय, कान न्हाईत." ती हे लग्नापासून म्हणते, पण तेव्हा त्याचा सीताफळाशी संबंध नव्हता.

काल खालच्या रस्त्याने चाललो होतो. डोंगरात इंजिन दोनदा खोकलं, मग धडधडायला लागलं. मी गाडी कडेला घेतली. कड्यावरून आवाज फिरून आला आणि क्षणभर मला खरोखर वाटलं, की मीच वर चाललोय. मग रस्त्याच्या कडेला थांबलेला हा कोण?

सोजरबाई, हे सगळं लिहिलं ते तुझ्यासाठीच. तुझी सून शाळेत गेलेली आहे, तिच्याकडून वाचून घे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर येतोय. आवाज येणार नाही, म्हणून आधी कळवतो. फळ द्यायचं नसेल तर देऊ नको, झाडं तुमच्या उतारावर आहेत. पण उत्तर दिल्याशिवाय मी हलणार नाही, आणि ह्या खेपेला मध्ये बोलणार नाही. सगळ्या बायांदेखत सांग. मला बारा वर्षं 'घ्या' म्हणालीस तेही भाव ठरल्यावर, आणि त्या परक्या पोराला पहिल्या भेटीत 'घे' म्हणालीस. त्याच्या गाडीत पाटी ठेवताना भाव विचारायला तुझं तोंड का उघडलं नाही? आणि माझ्यासमोर बारा वर्षांत ते एकदाही मिटलं का नाही?